कॅसलरॉकच्या जंगलातला रेडिओ आणि रेडिओ केंद्रांचे वाढदिवस

रेडिओ केंद्राचा वाढदिवस असला की सकाळी सहालाच कळतं. निवेदकाचा आवाज रोजच्यापेक्षा जरा गोड येतो, मधेमधे जुनी धून वाजते, आणि रिटायर झालेले दोन-तीन आवाज पुन्हा माईकसमोर येतात. मग फोन सुरू. ‘मी अमक्या गावाहून बोलतोय, तुमचं केंद्र शाळेत होतो तेव्हापासून ऐकतो, माझं एक आवडतं गाणं लावा.’ संध्याकाळी गावात कार्यक्रम, शाल-श्रीफळ, स्मरणिका, एखादा मंत्री. पंचविसाव्या वर्षी रौप्य, पन्नासाव्याला सुवर्ण, पंच्याहत्तराव्याला अमृत. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत आणि यात तसा फार फरक नाही म्हणा, फक्त तिथे अहवालावर भांडणं होत नाहीत.

पण मंडळी, आपल्या कारवार जिल्ह्यात एक रेडिओ केंद्र असं होऊन गेलं की त्याला इमारत नव्हती, बोर्ड नव्हता आणि पत्ता तर मुद्दाम ठेवलाच नव्हता. जोयडा तालुक्यात, कॅसलरॉकच्या जंगलात. २५ नोव्हेंबर १९५५ ला ते पहिल्यांदा बोललं. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याला सत्तर वर्षं झाली. जोयड्यात, कारवारात, माजाळीत किती घरांत त्या दिवशी त्याची आठवण निघाली असेल? फार नाही, असा आमचा अंदाज. म्हणून हा लेख.

आधी तो काळ थोडा समजून घेऊ. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, सभा-मिरवणुकांवर बंदी. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली सुटली तेव्हा गोव्यातही हालचाल वाढली. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले सत्याग्रही चारी बाजूंनी गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. वीसच्या वर माणसं गेली. त्यानंतर भारत सरकारने हद्द बंद केली, व्यापार थांबवला, रेल्वे थांबली. कॅसलरॉक म्हणजे तेव्हा भारताच्या बाजूचं शेवटचं स्टेशन. घाट उतरला की खाली कुळे, दूधसागर, आणि तिथून पुढे सगळा पोर्तुगीजांचा मुलूख. ज्या रुळांवरून मुरगाव बंदराचा माल वर यायचा ते रूळ गप्प झाले. नातीगोती तुटली. कारवार आणि काणकोण यांच्यात सोयरिकी किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. मुलगी पलीकडे दिलेली आणि आई-बाप अलीकडे, अशी घरं तेव्हाही होती.

अशा वेळी खाली गोव्यात लोकांच्या कानावर काय पडत होतं? ‘एमिसोरा द गोवा’, म्हणजे पोर्तुगीज सरकारचं स्वतःचं रेडिओ केंद्र. ते १९४६ पासून चालू होतं. गाणी चांगली लागायची, असं जुनी माणसं अजून सांगतात. पण बातमी सरकारची. गोवा हा पोर्तुगालचाच तुकडा आहे, लोक सुखात आहेत, भारतात सगळा गोंधळ आहे, असा सूर. त्याला उत्तर द्यायला कुणी तरी हवं होतं, आणि ते उत्तर बंद हद्दीतून आत जायला हवं होतं. कागद पकडला जातो, माणूस पकडला जातो. आवाजाला कोणता नाका अडवणार?

उत्तर दिलं दोन तरुणांनी. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. सुरुवातीला निकोलाव मिनेझीस हेही सोबत होते. लिबियाबाई मुंबईत वाढल्या, कायदा शिकल्या. दादरा-नगर हवेलीत पोर्तुगीजांकडून हाती आलेले बिनतारी संच होते. त्यांतून एक ट्रान्समीटर तयार केला गेला आणि तो ट्रकवर चढवला. पहिला मुक्काम आंबोलीच्या जंगलात, सावंतवाडीच्या वर. नंतर तो हलला आपल्या कॅसलरॉकला. पोर्तुगीज भाषेतल्या कार्यक्रमाचं नाव ‘व्होझ द लिबरदाद’, कोंकणीतल्याचं ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. दोन भाषा का? कोंकणी आपल्या माणसांसाठी, आणि पोर्तुगीज ही राज्यकर्त्यांच्या कानासाठी, त्यांच्या शिपायांसाठी, कचेऱ्यांतल्या लोकांसाठी. विचार करून केलेलं काम होतं ते.

कॅसलरॉकचं रान ज्यांनी पावसाळ्यात पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. जूनपासून जो पाऊस धरतो तो थांबायचं नाव घेत नाही. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, लाकूड धुमसतं. जळवा, साप, अस्वलं, आणि धुकं असं की चार हातांवरचा माणूस दिसत नाही. त्यात यंत्र कोरडं ठेवायचं. आपल्याकडे बोटीवरचा वायरलेस सेट एका पावसाळ्यात कसा होतो ते आपण बघतो, आणि तो तर केबिनमध्ये असतो. या लोकांनी सहा वर्षं, म्हणजे सहा पावसाळे, रानात राहून रोज प्रसारण केलं. रोज बातम्या जमवायच्या, लिहायच्या, दोन भाषांत वाचायच्या, आणि जागा कुणाला कळू द्यायची नाही. पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत काय चाललंय तेही इथून सांगितलं जायचं. ‘तुम्ही एकटे नाही’ हा त्यामागचा अर्थ.

आपल्या लोकांचा या गोष्टीशी संबंध फक्त शेजारचा नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरच्या पोर्तुगीज शिपायांनी भारतीय जहाजावर आणि मासेमारी होड्यांवर गोळ्या झाडल्या. एका मच्छीमाराचा त्यात जीव गेला. अंजदीव म्हणजे बिणग्याच्या समोर, आपल्या रोजच्या वाटेवरचं बेट. पुढच्या महिन्यात जे झालं त्याची एक ठिणगी तिथली. १८ डिसेंबरला नौदलाचे जवान त्या बेटावर उतरले आणि त्यांतले सात जण तिथे पडले. कारवारच्या किनाऱ्याला गोवामुक्ती ही पाठ्यपुस्तकातली गोष्ट कधीच नव्हती.

डिसेंबर आला. १७ च्या रात्रीपासून सैन्य हललं. १८ ला बेळगावच्या सांबऱ्याहून उडालेल्या विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. म्हणजे लढाईत पहिल्याच दिवशी आवाज बंद करावा लागतो, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. १९ डिसेंबर १९६१ ला गव्हर्नर जनरल वासालो ए सिल्वा यांनी शरणागती पत्करली. त्याच दिवशी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो विमानात बसले. विमानाला लाऊडस्पीकर लावलेला होता. गोव्यावर घिरट्या घालत त्यांनी वरून सांगितलं की गोवा सुटला. पत्रकंही टाकली. सहा वर्षं रानात लपून बोलणारा आवाज त्या दिवशी भर उजेडात, सगळ्यांना दिसेल असा, डोक्यावरून गेला.

आणि त्या दिवशी केंद्र बंद झालं. कारण काम झालं होतं.

आता बघा, बाकीची केंद्रं वर्षं मोजतात ती चालू राहण्याची. हे केंद्र असं की त्याचं बंद पडणं हाच त्याचा विजय. त्याचा वाढदिवस कसा करायचा? हार कुठे घालायचा? ट्रकला? ट्रक तर जागा बदलत होता. मग जे होतं ते माणसांच्या रूपाने होतं. वामन सरदेसाई पुढे अंगोलात भारताचे राजदूत झाले, १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोघांचं लग्नही १९ डिसेंबरलाच झालं, १९६४ मध्ये. तारीख उगीच निवडली नसणार. लिबिया लोबो सरदेसाई गोव्याच्या पर्यटन खात्याच्या पहिल्या संचालक. २५ मे २०२४ ला त्यांनी शंभरी पूर्ण केली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा कुठे चॅनलवाल्यांना कॅसलरॉकचं नाव कळलं. आमच्या मते उशीर झाला, पण झालं हे बरं झालं.

१९५५ साल रेडिओसाठी मोठंच म्हणायला हवं. त्याच वर्षी १ एप्रिलला आकाशवाणी पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आठवड्याला एक गाणं, एकूण ५६ गाणी. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. पण केंद्राचा वाढदिवस किती जणांना ठाऊक? गीतरामायणाला पंचवीस झाली, पन्नास झाली, साठ झाली, ती मात्र गावोगाव साजरी झाली, अगदी आपल्याकडच्या देवळांतून रामनवमीला अजून होते. लोकांना केंद्र आठवत नाही, केंद्रावर काय ऐकलं ते आठवतं. वाढदिवस करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात धरावी. साहेबांची भाषणं कमी करा आणि कपाटातली टेप काढा.

दुसरी गंमत, वाढदिवस मोजायचा कुठून? मुंबईचंच घ्या. २३ जुलै १९२७ ला व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्र सुरू झालं, म्हणून २३ जुलै हा राष्ट्रीय प्रसारण दिवस. २०२७ मध्ये त्याला शंभर वर्षं पूर्ण होतात, म्हणजे मोठा थाट होणार हे नक्की. पण ते केंद्र सरकारी नव्हतं, कंपनीचं होतं. कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने ती ताब्यात घेतली. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव १९३६ चं. ‘आकाशवाणी’ हा शब्द तर म्हैसूरचा, तिथल्या एका प्राध्यापकांनी, एम. व्ही. गोपालस्वामींनी, १९३५ मध्ये आपल्या घरी केंद्र चालू केलं त्या संदर्भातला. मग शंभर वर्षं कुणाची? पणजी केंद्राचंही तेच. १९४६ पासून मोजलं तर पोर्तुगीजांचा वारसा घ्यावा लागतो, मुक्तीपासून मोजलं तर पंधरा वर्षांची गाणी आणि माणसं सोडून द्यावी लागतात. आपलं धारवाड त्या मानाने सरळ. ८ जानेवारी १९५० ला सुरू झालं, प्रजासत्ताक दिनाच्या अठरा दिवस आधी. २०२५ मध्ये पंच्याहत्तर पूर्ण. जोयडा, हल्याळ, दांडेलीच्या घरांत सकाळ व्हायची ती या केंद्रावर. कन्नड कळो न कळो.

१२ नोव्हेंबरची गोष्ट तर अजून वेगळी. १९४२ च्या चळवळीत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत बदलत तो अडीच-तीन महिने चालला आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी पकडला. बरोबर पाच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९४७ ला, गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात आले आणि कुरुक्षेत्राच्या निर्वासितांशी रेडिओवरून बोलले. ते स्टुडिओत आले ते तेवढ्या एकाच वेळी. आता तो दिवस लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळतात, तो गांधीजींच्या भेटीसाठी. त्याच तारखेला पाच वर्षं आधी एक रेडिओ पकडला गेला होता, हे त्या दिवशी कुणी तरी सांगायला हवं.

आता आपल्या धंद्याकडे येऊ, कारण हे पान आपलं आहे.

इंग्लंडमध्ये बीबीसी रेडिओवर बोटींसाठी हवामानाचा एक निरोप रोज वाचतात. समुद्राचे ३१ भाग पाडलेत, प्रत्येकाला नाव आहे, आणि एका ठरलेल्या क्रमाने प्रत्येक भागाचा वारा, पाऊस, दृश्यमानता सांगतात. शब्दसुद्धा मोजून. गाणं नाही, गप्पा नाहीत. १९२५ मध्ये बीबीसीने तो वाचायला घेतला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला हवा कळू नये म्हणून बंद ठेवला, नंतर पुन्हा सुरू. २०२५ मध्ये त्याला शंभर वर्षं झाली, आणि १ जानेवारी २०२५ ला बीबीसीच्या रेडिओ ४ ने सबंध दिवस त्याच्या नावाने कार्यक्रम केले. एका हवामान निरोपाचा शतक महोत्सव! ज्यांच्याकडे होडी सोडा, घरापासून समुद्र शंभर मैल लांब आहे, असे लोकही झोपताना तो ऐकतात म्हणे. त्या निरोपाचं मूळ मात्र एका बुडालेल्या जहाजात आहे. १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ नावाचं जहाज वादळात किनाऱ्यावर आपटून साडेचारशेच्या आसपास माणसं मेली. त्यानंतर फिट्झरॉय नावाच्या नौदल अधिकाऱ्याने तारेने वादळाची सूचना बंदरांना पाठवायची पद्धत १८६१ मध्ये सुरू केली. त्याच्या नावाचा समुद्राचा भाग आज त्या निरोपात रोज वाचला जातो.

आपल्याकडचा निरोप काय कमी महत्त्वाचा आहे? ‘मच्छीमारांना सूचना. वाऱ्याचा वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, समुद्र खवळलेला राहील, खोल समुद्रात जाऊ नये.’ हे वाक्य ऐकून जेवता जेवता उठलेले तांडेल आपण पाहिलेत. घरातल्या बाईने रेडिओचा आवाज मोठा केला की पोरं गप्प व्हायची. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे काय ते शाळेत न गेलेल्यालाही कळतं. बावटा एक ते अकरा नंबरपर्यंत असतो, दिवसा टोपल्या-शंकू आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे. तीन नंबर म्हणजे बंदरावर सोसाट्याचा वारा येणार. दहा म्हणजे मोठं वादळ. आणि अकरा? अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटलाय आणि हवा वाईट दिसतेय. अख्ख्या यादीत सर्वांत वरचा धोका कसला, तर निरोप न पोचण्याचा. ज्याने ही यादी केली त्याला समुद्र माहीत होता.

निरोप न पोचला तर काय होतं ते २०१७ च्या ओखी वादळात दिसलं. ३० नोव्हेंबरच्या सुमारास वादळ कन्याकुमारीजवळून अरबी समुद्रात आलं. केरळ-तामिळनाडूच्या लांबच्या मासेमारीच्या बोटी कित्येक दिवस आधीच निघालेल्या होत्या. मोबाईलला रेंज नाही, किनाऱ्यावरच्या सूचना किनाऱ्यावरच. वारा ज्यांना ढकलत वर घेऊन आला त्यांतल्या कित्येक बोटी देवगड बंदरात लागल्या, नऊशेच्या वर माणसं. देवगडच्या लोकांनी त्यांना भात-आमटी दिली, भाषा येत नसताना. सगळेच देवगडला पोचले नाहीत. खूप जण परत आलेच नाहीत.

त्यानंतर सरकार हललं, हे मान्य करायला हवं. तिरुवनंतपुरमला चक्रीवादळ सूचना केंद्र झालं, केरळ, कर्नाटक आणि लक्षद्वीपसाठी. २०१९ मध्ये हैदराबादच्या इंकॉइस संस्थेचं ‘जेमिनी’ उपकरण आलं, जे उपग्रहावरून निरोप घेतं आणि मोबाईलवर दाखवतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात एक लाख बोटींना ट्रान्सपॉन्डर बसवायची योजना जाहीर झाली, त्यातून दोन्ही बाजूंनी निरोप जाऊ शकतो. चांगलंच आहे. पण एक अडचण आपल्या भागाची खास आहे. कर्नाटकचा अंदाज तिरुवनंतपुरमहून, गोवा आणि महाराष्ट्राचा मुंबईहून. सदाशिवगडहून निघालेली बोट दोन-तीन तासांत पोळेच्या पुढे काणकोणच्या समोर असते. मासा हद्द बघत नाही आणि वाराही. म्हणून आपल्या तांडेलाला दोन्ही निरोप ऐकावे लागतात, एक कन्नडमध्ये, एक कोंकणी-मराठीत.

आणि इथेच लहान केंद्रं कामाला येतात. मध्यम लहरी, म्हणजे ज्याला आपण ‘मीडियम वेव्ह’ म्हणतो, त्या जमिनीला धरून जातात आणि खाऱ्या पाण्यावरून तर फारच लांब जातात. जुना ट्रान्झिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेणाऱ्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण खोल समुद्रात तो बोलतो हे माहीत होतं. एफएमचा आवाज स्वच्छ, पण तो सरळ रेषेत जातो. डोंगर आडवा आला की संपलं. कारवार केंद्राचा एफएम बंदरात टणटणीत लागतो, जोयड्याच्या दऱ्यांत शिरला की खरखर. सुपा धरणाच्या पाण्यावर होडी घालणारे आपलेच भाऊ आहेत, तिथेही वारा सुटला की लाटा उठतात, आणि खाली कद्राचे दरवाजे उघडायचे असले तर काळी नदीच्या दोन्ही काठांना वेळेत कळायला हवं. ऑगस्ट २०१९ ला कद्र्याच्या खालच्या गावांनी ते पाणी बघितलंय. काळी नदी डिग्गीला उगवते आणि सदाशिवगडला समुद्राला मिळते. नदी एकच, पण वरच्याला ऐकू येतं ते खालच्याला नाही, खालच्याला येतं ते वरच्याला नाही.

रामेश्वरमच्या बाजूला पांबन बेटावर मच्छीमारांनी यावर आपला उपाय काढला. १५ ऑगस्ट २०१६ ला ‘कडल ओसै’ नावाचं सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झालं, ९०.४ वर. नावाचा अर्थ समुद्राचा आवाज. बोलणारी पोरं-पोरी मच्छीमारांच्याच घरातली, विषय हवा, लाट, मासळीचा भाव, समुद्राचं राखण, आणि गाणी तर हवीतच. सामुदायिक रेडिओचा परवाना संस्थेला मिळू शकतो, पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा. म्हणजे खोल समुद्रासाठी उपयोग कमी, पण बोट सुटायच्या आधी घरात आणि बंदरात निरोप पोचवायला पुरे. त्यांचा वाढदिवस स्वातंत्र्यदिनालाच येतो, त्यामुळे विसरायची सोय नाही. आपल्याकडे असं केंद्र निघेल का, हा प्रश्न सभेत कुणी काढला तर त्यावर बोलायला हरकत नाही. खर्च आहे, रोज बोलणारी माणसं लागतात, आणि रोज म्हणजे रोज. पहिलं वर्ष उत्साहाने जातं. कॅसलरॉकच्या दोघांनी सहा काढली, पण ती माणसं वेगळी होती.

मोठी केंद्रं शंभरी करतील तेव्हा त्यांच्याकडून मागायचं असेल तर आम्ही एकच मागू. समारंभाच्या दिवशी हवामानाचा निरोप गाळू नका. असं वाटतं कोण गाळेल? पण विशेष कार्यक्रम लांबला की पहिला कात्रीत सापडतो तो पाच मिनिटांचा निरोपच. इंग्लंडवाल्यांनी निरोपालाच उत्सवमूर्ती केलं. आपल्याकडे वर्षानुवर्षं मच्छीमारांसाठी निरोप वाचणारे निवेदक होऊन गेले, त्यांचा आवाज बंदरातल्या प्रत्येकाला ओळखू यायचा, नाव मात्र कुणाला ठाऊक नसायचं. सुवर्ण महोत्सवात शाल कुणाला द्यायची याची यादी करताना त्यांना वर घ्या.

आणि कॅसलरॉकचं काय करायचं? त्या रेडिओचा पुतळा नको, कमान नको. ऐकणारी माणसं शोधायला हवीत. १९५५ मध्ये जो दहा वर्षांचा होता तो आता ऐंशीच्या पार गेला. काणकोणच्या, काळी काठच्या, जोयड्याच्या घरांत असा कुणी असेल ज्याने बापाच्या मांडीवर बसून, दार लावून, आवाज बारीक करून ते ऐकलं. हद्दीपलीकडच्या घरात ऐकणं धोक्याचं होतं. कुणाच्या घरी रेडिओ होता, कोण कोण जमायचं, कुत्रं भुंकलं तर कोण बाहेर बघायला जायचं, असल्या गोष्टी कुठल्याही पुस्तकात येत नाहीत. तेव्हा रेडिओला लायसन लागायचं, दर वर्षी पोस्टात पैसे भरून शिक्का मारून घ्यावा लागायचा. ती पुस्तकं अजून कुणाच्या ट्रंकेत असतील. रेल्वेत काम केलेल्यांच्या घरांतही विचारा, कारण हद्द बंद झाल्यावरही कॅसलरॉकला स्टेशनची माणसं होती, आणि रानात ट्रक उभा आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं असं होणं कठीण. माहीत असून कुणी बोललं नाही, हे जास्त खरं वाटतं.

तुमच्या आजोबांना, आजीला, शेजारच्या म्हाताऱ्या बाप्पांना विचारा. मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करा, आधी परवानगी घेऊन. कोंकणीत बोलले तर कोंकणीतच राहू द्या. सोसायटीच्या ऑफिसात आणून द्या किंवा या पानावर पाठवा. बंदीचे दोन महिने जाळी शिवायला बसतो तेव्हा वेळ असतो, तेव्हाच हे काम होईल. २५ नोव्हेंबरला सगळं एकत्र ऐकू, कॅसलरॉकलाच जाऊन. नोव्हेंबरात तिथे पाऊस संपलेला असतो, गाडी वरपर्यंत जाते.